मळीच्या वासाचा माणूस

अनेकांत मगदूमच्या दुकानात त्या शुक्रवारी सकाळपासून त्याच्या बायकोचा आवाज घुमत होता आणि त्याचा त्याला काडीचाही संकोच नव्हता. राजारामपुरीतलं त्याचं दुकान नळ, शॉवर, कमोड, वॉशबेसिनचं. भिंतीवर ओळीनं लावलेल्या चकचकीत नळांच्या दोन्ही बाजूंना दोन स्पीकर टांगलेले. एरवी त्यांवर रेडिओ चालायचा. आज रुचिताचा अल्बम लागला होता. ‘ओलीत’ त्याचं नाव. पाटाच्या पाण्यावर भिजणारी जमीन ती ओलीत, हे शिरोळकडच्या माणसाला सांगावं लागत नाही; पण फ्लॅटमध्ये वाढलेल्या गिऱ्हाइकांना अनेकांत ते फ्लश टँक दाखवता दाखवता मोठ्या हौसेनं समजावून देत होता.

रुचिता पेशानं फिजिओथेरपिस्ट. तिचं क्लिनिक दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. लोकांचे आखडलेले खांदे सोडवता सोडवता तिला गाणी सुचायची. मग ती पडद्याआड जाऊन मोबाइलमध्ये चार ओळी गुणगुणून ठेवायची. बरीच वर्षं हे असंच चाललं. मग एकदा मान धरली म्हणून उदयसिंह नावाचा तरुण क्लिनिकला आला. कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर त्याचा छोटा स्टुडिओ होता. पडद्याआडचं गुणगुणणं त्यानं पालथं पडल्या पडल्या ऐकलं आणि तो हट्टालाच पेटला. गिटारीच्या जोडीला हलगी आली, जात्यावरच्या ओवीची चाल आली. रुचिताचं माहेर इचलकरंजीचं, म्हणून तिथल्या यंत्रमागांचा खटखटाट रेकॉर्ड करून आणला आणि पहिल्या गाण्याच्या बुडाशी घातला. शब्द रुचिताचे, चाली तिच्या, आवाज तिचा. नऊ गाणी झाली आणि आज ती सगळ्या जगासाठी मोबाइलवर खुली झाली होती.

पहिली पाच गाणी अनेकांतला पाठ होती. घरात, गाडीत, स्टुडिओच्या जिन्यात त्यानं ती ऐकली होती. सहावं सुरू झालं आणि त्याच्या लक्षात आलं, हे आपण ऐकलेलं नाही. ते रेकॉर्ड झालं तेव्हा तो माल बघायला गुजरातेत मोरबीला गेला होता.

सुरुवातीला नुसती हलगी, हळू, कुणीतरी बोटांनी टिचक्या मारल्यासारखी. मग रुचिता:

‘निळ्या गाडीवर मागं बसलो, धरायला काय न्हाय,
तुझ्या शर्टाला मळीचा वास, तो धरून बसलो हाय.’

अनेकांत एका गिऱ्हाइकाला मिक्सर नळ दाखवत होता. त्याचा हात तसाच राहिला.

‘फाटा आला तर सांगू नगं, जाऊ दे अजून लांब,
घर बिचारं वाट बघतंय, त्याला म्हणावं थांब.’

गाणं चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही, आधीच्या पाचांपेक्षा सरस होतं, हे नळ विकणाऱ्या माणसालाही कळलं. गिऱ्हाईक मान डोलवायला लागलं. गोडाऊनमधून गुंडू बाहेर आला. अनेकांतच्या वडलांच्या ओळखीनं दुकानात लागलेला हा पन्नाशीचा माणूस, तोंडाला कुलूप नसलेला. तो दारात उभा राहून शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मग सगळ्यांदेखत म्हणाला, “मालक, तुमची गाडी निळी कवा हुती?”

“कविता हाय ती, गुंडू.”

“व्हय की. पन तुमची स्कूटर तर पांढरी. आन् मळीचा वास साखर कारखान्यातल्या मानसाला येतोय. तुमच्या अंगाला पायपाच्या सोल्युशनचा येतोय.”

गिऱ्हाईक हसलं. अनेकांतही हसला. पण गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं सहावं गाणं पुन्हा लावलं, आवाज बारीक करून.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ह्या अकरा वर्षांत निळी मोटरसायकल त्यांच्या घरात आली नव्हती. साखर कारखान्याशी त्याचा संबंध म्हणजे वडलांचा ऊस तिथं जातो एवढाच. मग ज्याच्या शर्टाचा वास धरून बसावं असा हा माणूस कोण? आणि घराला थांब म्हणायचं, म्हणजे कुठल्या घराला?

दुपारी तो जेवायला घरी गेला तेव्हा रुचिता एका हातानं भाकरी वाढत होती आणि दुसऱ्या हातानं मेसेज बघत होती. आठ वर्षांची आदिती दिवाळीच्या सुट्टीला आजी-आजोबांकडं शिरोळला गेली होती, त्यामुळं घर शांत होतं. रुचिताच्या चेहऱ्यावर लपवल्यासारखं काही नव्हतं. आनंदानं तिचे कान लाल झाले होते.

“पुण्याहून एकानं इचारलंय,” ती म्हणाली, “सहाव्या गाण्यात ‘मी बसलो’ असं का? गाणारी बाई आन् शब्द पुरुषाचे?”

“मग काय सांगितलीस?”

“सांगितलं, आमच्या कोल्हापुरात पोरी असंच बोलत्यात. मी आलो, मी गेलो. त्याला वाटलं काहीतरी मोठा अर्थ हाय.” ती हसली. “आमटी घे की अजून.”

हीच वेळ होती. अनेकांतनं घास गिळला. “निळी गाडी भारी जमलीय.”

“व्हय? तुला आवडली?”

“कुणाची हाय ती गाडी?”

नेमका फोन वाजला. इचलकरंजीहून तिच्या मावशीचा. त्या मावशीला सगळी नऊ गाणी एकेक करून आवडली होती, आणि ती तसं एकेक करून सांगत होती. अनेकांतनं ताट उचललं, धुवायला ठेवलं आणि दुकानात परत गेला.

त्याला स्वतःचाच राग येत होता. तो संशयी माणूस नव्हता. रुचिता दिवसभर परक्या पुरुषांचे खांदे दाबते, ह्यावरून मित्रांनी लग्नाच्या वर्षी केलेले विनोद त्यानं दोन वाक्यांत बंद पाडले होते. हा संशय नव्हताच मुळी. संशयात निदान माणसाला काहीतरी वाटतं. अनेकांतला काय वाटतंय तेच त्याला कळत नव्हतं. छातीत काहीतरी वाकडं बसल्यासारखं झालं होतं, आटे चुकवून पिळलेल्या नळासारखं.

मंगळवारी त्याला एक गोष्ट आठवली, आणि आठवली नसती तर बरं असं वाटलं. स्टुडिओ काढायच्या आधी उदयसिंह एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होता. हे त्यानं स्वतःच चहा पिता पिता सांगितलं होतं.

अनेकांत दुकान गुंडूवर टाकून निघाला. कोचिंग क्लासच्या खाली दुचाक्यांची गर्दी होती. त्यानं सगळ्या नजरेखालून घातल्या. उदयसिंहची बुलेट काळी. त्याला हलकं वाटलं, आणि मग आपण गाड्यांचे रंग बघत फिरतोय ह्याची लाज वाटली.

उदयसिंह हेडफोन गळ्यात अडकवून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. अनेकांतला बघताच तो ताडकन उठला.

“दादा, बरं झालं आलासा. मीच येनार हुतो तुमच्याकडं.”

“काय झालं?”

“ते निळी गाडी. वहिनींनी कुनावर लिहिलंय, म्हाईत हाय तुम्हाला?”

अनेकांत खुर्चीवर टेकला. “मी ते तुला इचारायला आलोय.”

“मला?” उदयसिंहचं तोंड उघडंच राहिलं. “अवं, मला वाटलं तुमच्यावर हाय! मी म्हटलं, लग्नाच्या आधी दादा कुठंतरी कारखान्यात असतील.”

“मी कधीच कारखान्यात नव्हतो. तू होतास.”

“हां, तेच की!” उदयसिंहनं कपाळावर हात मारला. “तेच क्रांती म्हन्ती.” क्रांती ही त्याची बायको. “शुक्रवारपासनं माझ्याशी बोलंना झालीया. म्हन्ती, कारखान्यात तू हुतास, गानं तू बसवलंस, ते म्हनताना बाईचा आवाज कसा हलतोय ते मला ऐकू येतंय, मी भैरी न्हाय. मी शपथा घेतल्या. म्हटलं, बाई, माझ्याकडं निळी गाडी कवा हुती? तर म्हन्ती, रंग बदलून लिहिलाय. दादा, एकदा तुम्हीच वहिनींना इचारा आन् मला सांगा. न्हायतर माझं घर मोडतंय.”

अनेकांतनं त्याच्याकडं नीट बघितलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस स्वतः इतका घाबरलेला नसतो. म्हणजे एक शक्यता कमी झाली. पण त्यानं सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी गुंता वाढला. आता विचारायचं ते स्वतःसाठीही विचारायचं होतं आणि ह्या पोरासाठीही.

“आवाज हलतोय का रे तिचा? त्या गाण्यात?” त्यानं जिन्यात थांबून विचारलं.

उदयसिंह मागोमाग दारापर्यंत आला होता. “हलतोय,” तो म्हणाला. “म्हनून तर दुसरा टेक घेतला न्हाय.”

रविवारी दोघं आदितीला आणायला शिरोळला गेले. कारखाने सुरू झाले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाच्या मोळ्या, ट्रॅक्टरच्या रांगा. घराच्या पडवीत अनेकांतचे वडील, आप्पासो, खाटेवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवरच्या मोबाइलवर निळी गाडी चालू होती. शेजारी आदिती, तिला चालीसकट पाठ झालेलं. गाणं संपलं की आप्पा तिला म्हणायचे, “अजून एकदा लाव.”

रुचितानं वाकून नमस्कार केला, तशी आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

“सूनबाई, तू माझं गानं केलीस,” ते म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

रुचिता काही बोलणार, तेवढ्यात तिला सासूनं आतून हाक मारली. अनेकांत मात्र वडलांच्या खाटेवर बसला. “तुमचं गाणं म्हणजे कसं, आप्पा?”

“आकारामची गाडी न्हवं का ती! आकाराम, माझा दोस्त. तुला आठवत न्हाय, तू ल्हान हुतास त्यो गेला तवा. कारखान्यात मळीच्या टाकीवर हुता त्यो. वास म्हंजे काय! आंघोळ केली तरी जाईना. संध्याकाळचं ड्यूटी सुटली की फाट्यावर गाडी थांबवायचा, म्हनायचा, बस. मी बसायचो मागं. घरात सांगायचं न्हाय. कोल्हापूरला कुस्त्या बघायच्या आन् परत. ‘मी बसलो’ म्हटलीया बघ ती. मीच की त्यो. मी कवातरी बोललो असंन तिच्याजवळ, तिनं ध्यानात ठेवलं.”

अनेकांतच्या अंगावरून ओझं उतरलं. इतकं सोपं होतं तर! निळी गाडी आकारामची, वास आकारामचा, मागं बसणारे आप्पा, आणि वाट बघणारं घर म्हणजे हेच, शिरोळचं. आपण उगीच आठवडाभर जळलो. त्याला आदितीला उचलून फिरवावंसं वाटलं, आणि त्यानं फिरवलंही. मग तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. रुचिता घरामागच्या परड्यात कढीपत्ता तोडत होती. चुलीपाशी त्याची आई, अक्काताई, एकटीच होती.

“अव्वा, आकारामकाकांची निळी गाडी आठवते का गं तुला?”

“आकारामची?” अक्काताईनं पोळी उलटली. “तांबडी हुती. लालभडक. सायलेन्सर फुटलेली.”

“निळी नव्हती?”

“मी काय आंधळी हुतो का? त्या गाडीचा आवाज आला की मला कळायचं, आज ह्यांची भाकरी गार होनार.” तिनं चिमटा खाली ठेवला. “आन् सूनबाईला ह्यांनी हे कवा सांगितलं म्हनं? ह्यांनी तिच्याशी अकरा वर्षांत धड अकरा वाक्यं बोलली न्हाईत. ‘चहा हाय का’ आन् ‘पाऊस हाय का’, एवढंच.”

परड्यातून रुचिता आत आली. अनेकांतनं तिथंच विचारून टाकलं, आप्पांनी तुला आकारामकाकांची गोष्ट सांगितली होती का.

“न्हाय बा,” रुचिता म्हणाली. “आजच ऐकतोय मी. पन अहो, तुम्ही त्यांना काय सांगू नका. त्यांना वाटतंय तसं वाटू दे. चांगलंच हाय की ते.”

सासूसमोर ती त्याला अहो-जाहो करायची. त्या ‘अहो’नं अनेकांतला का कोण जाणे, अजूनच परकं केलं.

परतताना आदिती मागच्या सीटवर झोपून गेली. जयसिंगपूरच्या अलीकडं गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली. पुढं दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या, समोरून वाहनांची रांग, ओव्हरटेक करायला जागा नाही. जवळपास कुठंतरी कारखाना असावा. उघड्या काचेतून तो वास आत आला: गोड, आंबट, जळका, नाकात चिकटून राहणारा.

“कोण हाय त्यो?” अनेकांत म्हणाला. त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही.

“कोण?”

“निळ्या गाडीवाला.”

रुचिता हसली, मग त्याच्या तोंडाकडं बघून थांबली. “म्हंजे आठवडाभर तुला हे इचारायचं हुतं?”

“व्हय.”

“कोण न्हाय.”

“कोण न्हाय कसं? त्याच्या शर्टाला वास हाय. वास असलेला माणूस कोणीच न्हाय असं असतंय का?”

रुचितानं पाय वर घेतले, सीटवर मांडी घातली. बराच वेळ ती त्या ट्रॉल्यांकडं बघत राहिली. ती काही लपवायला शब्द शोधत नव्हती, खरोखर आठवत होती, हे त्याला दिसत होतं.

“एक आजोबा यायचे क्लिनिकला, कंबर धरलेले. त्यांच्या शर्टाला हा वास हुता. कारखान्यातनं सुटून किती वर्षं झाली असतील, पन हुता. गाडी आमच्या शाळेतल्या बाईंच्या मिस्टरांची. ते बाईंना सोडायला यायचे निळ्या गाडीवरनं. आन् घर आलं तरी उतरायचं न्हाय, तसंच पुढं जायचं...” ती थांबली. “ते कुठलं, मला म्हाईत न्हाय. ते आपलं आपण आलं.”

“म्हणजे दोन माणसं?”

“म्हंजे एक पन न्हाय.”

ट्रॅक्टर थांबला. मागून हॉर्न वाजले.

“खरा असता तर बरं झालं असतं,” अनेकांत म्हणाला. हे आपण बोलतोय ह्याचं त्यालाच नवल वाटलं. “त्याला जाऊन बघून तरी आलो असतो. तू बनवलेला माणूस मी कुठं जाऊन बघू? आन् बनवलास कशाला? काहीतरी कमी पडल्याबिगर कोण बनवतंय?”

रुचिता लगेच ‘नाही’ म्हणाली नाही. त्याला ते लागलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं, कारण ती लगेच ‘नाही’ म्हणाली असती तर त्यानं विश्वास ठेवला नसता.

“त्या गाण्यात घर वाट बघतंय,” तो पुढं म्हणाला. “त्या घरात मी हाय न्हवं?”

“असशील. मी तसा इचार केला न्हाय.” मग जरा वेळानं, “तुला कधी असं होत न्हाय? दुकान बंद केलं, घराकडं वळायच्या जागी सरळच जावं?”

अनेकांतला तसं झालं होतं. एकदा नाही, चार-पाच वेळा. दुकान बंद करून तो स्कूटरवरून थेट हायवेपर्यंत गेला होता, एका रसवंतीवर विनाकारण रस पिऊन परत आला होता. घरी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

“होतं कधीतरी.”

“मग तवा तुझ्या डोक्यात कोण असतंय?”

“कोण न्हाय,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

ट्रॅक्टर पुढं सरकला.

“नऊ गाण्यांत मी कुठंच न्हाय का?” त्यानं शेवटचं विचारलं.

“न्हाईस.” तिनं त्याच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. “तू घरात हाईस की. जे हाय त्याचं मला गानं सुचत न्हाय. जे न्हाय त्याचंच सुचतंय. मी काय करू?”

ही तारीफ होती की तक्रार, अनेकांतला ठरवता येईना. नदीच्या पुलापर्यंत त्याला वाटलं, आपल्याला समजलं. पूल ओलांडल्यावर पुन्हा सुटलं.

पुढच्या आठवड्यात शहरातल्या एका छोट्या हॉलमध्ये अल्बमचा कार्यक्रम होता. हॉल भरला. पहिल्या रांगेत आप्पा, डोक्याला नवा फेटा. शेजारी अक्काताई आणि आदिती. दुसऱ्या रांगेत क्रांती, हाताची घडी घालून, स्टेजवरच्या नवऱ्याकडं बघत. उदयसिंह गिटार सुरात लावत होता, पण त्याचे डोळे सारखे दुसऱ्या रांगेकडं जात होते. सूत्रसंचालन करणारी तेजस्वी नावाची मुलगी रेडिओवरची, बोलण्यात चलाख. पाच गाणी झाल्यावर तिनं माइक हातात घेतला.

“आता ते गाणं, ज्यासाठी निम्मा हॉल आलाय! आणि मंडळी, तो निळ्या गाडीवाला आज इथंच बसलाय. रुचिताताईंचे मिस्टर, अनेकांत मगदूम! या की दादा वर!”

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. अनेकांत उठला, न उठून करतो काय? पायऱ्या चढताना त्याला सगळं एकदम दिसलं. पहिल्या रांगेत आप्पा अर्धे उठून उभे राहिले होते. ‘निळ्या गाडीवाला’ म्हटल्यावर आपल्यालाच बोलावलं असं त्यांना वाटलं होतं, आणि आता ते बसावं की उभं राहावं ह्या घोळात होते. उदयसिंह गिटारीआडून त्याला जोरजोरात मान हलवून खुणावत होता: हो म्हणा, हो म्हणून टाका. क्रांती बघत होती. आणि रुचिता माइकपाशी उभी होती, तिच्या चेहऱ्यावर कसलीच खूण नव्हती. ती त्याला वाचवत नव्हती आणि अडवतही नव्हती.

“सांगा दादा, तो माणूस तुम्हीच ना?” तेजस्वीनं माइक त्याच्या तोंडाशी धरला.

हो म्हटलं असतं तर सगळ्यांचंच भागलं असतं. उदयसिंहचं घर सावरलं असतं, लोक खूश झाले असते, त्याची स्वतःची मानही ताठ राहिली असती. एक शब्द होता नुसता.

“माझी स्कूटर पांढरी हाय,” अनेकांत म्हणाला.

हॉल हसला.

“खरंच सांगतोय. मी नळ विकतो. त्यो माणूस कोण, मला म्हाईत न्हाय. हिला पन म्हाईत न्हाय, मी इचारलंय. गाणं बसवणाऱ्या ह्या उदयसिंहला तर बिचाऱ्याला अजिबात म्हाईत न्हाय, त्यानंच मला इचारलं.” दुसऱ्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसलं. ती क्रांती होती. “पन आमच्या आप्पांना वाटतंय ती त्यांच्या दोस्ताची गाडी. ते उभे हाईत बघा. तर मला वाटतंय, टाळ्या त्यांना द्याव्या.”

लोकांनी मागं-पुढं न बघता टाळ्या दिल्या. आप्पांनी फेटा सावरला, वळून सगळ्या हॉलला हात जोडले आणि मगच बसले. अक्काताई पदरात तोंड लपवून हसत होती.

अनेकांत स्टेजच्या कडेला उभा राहिला. खाली जायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. हलगी सुरू झाली. रुचितानं डोळे मिटले आणि गायला लागली, आणि ‘धरायला काय न्हाय’ला तिचा आवाज हलला, उदयसिंह म्हणाला होता तसाच. ती कुठं गेली होती ते अनेकांतला दिसत नव्हतं. चार हातांवर उभी होती, पण तिथं नव्हती. त्याला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण त्याच्या अंगावर काटाही आला होता, आणि ह्या दोन्हींतलं खरं कुठलं हे बघायला गाण्यानं वेळ दिला नाही. ते संपलं. तिनं डोळे उघडले, गोंधळल्यासारखं इकडंतिकडं बघितलं, मग तो दिसला.

“पानी,” ती ओठांनी म्हणाली. त्यानं बाटली नेऊन दिली.

त्यानंतर काही दिवसांनी क्रांती खांद्याच्या दुखण्यासाठी रुचिताकडं यायला लागली. दोघींची चांगली गट्टी जमली, आणि उदयसिंह पुन्हा दाढी करायला लागला. शिरोळमध्ये आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पावण्याला गाणं ऐकवतात. आकारामची गाडी आता त्यांच्या लेखी कायमची निळी झाली आहे आणि अक्काताईनं तो वाद सोडून दिला आहे. राजारामपुरीत काही गिऱ्हाइकं अनेकांतला ‘निळी गाडीवाले’ म्हणतात. आधी तो ‘मी न्हवं’ म्हणायचा. आता नळाची किंमत सांगतो.

एका रविवारी सकाळी तो पेपर वाचत होता. रुचिता गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि गुणगुणत होती. चाल नवीन होती. शब्दांत कुणीतरी माणूस होता, नदीपलीकडं दिवा घेऊन उभा असलेला, आणि तो आला नाही म्हणून कुणीतरी रुसलं होतं.

अनेकांतनं पेपर खाली ठेवला. “आता हा कोण?”

“म्हाईत न्हाय,” ती चिमटा तोंडात धरून म्हणाली. “अजून नीट दिसला न्हाय मला.”

त्यानं थोडा वेळ वाट बघितली, ती आणखी काही सांगते का म्हणून. ती पुन्हा गुणगुणायला लागली होती. मग त्यानं खुर्ची ओढून गॅलरीच्या दारात घेतली आणि काही न कळता ऐकत बसला.